येरवड्याच्या भिंतीआडची नावे

भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला तुरुंगाचा इतिहास लांबून आणावा लागत नाही. पेशवाईत किल्ला हाच तुरुंग असे. साडेतीन शहाण्यांतले सखारामबापू बोकील १७७९ मध्ये कैद झाले. आधी सिंहगड, मग प्रतापगड, शेवटी रायगड, आणि तिथेच त्यांचा अंत झाला. किल्ल्यांचे दिवस सरले आणि १८७१ मध्ये येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग उभा राहिला.

या तुरुंगाचा थोरामोठ्यांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी इथे फासावर गेले, तेव्हा टिळक याच तुरुंगात होते. १९३२ चा पुणे करार इथलाच. २६ जानेवारी २०२१ रोजी राज्यातल्या तुरुंग पर्यटनाची सुरुवात झाली तीही येरवड्यापासून. मुलाबाळांना ही जागा दाखवावी, याबद्दल दुमत नाही. पण दाखवायचे काय?

वेल्ह्याला लागून मुळशी. तिथे टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. त्याचे सत्याग्रही येरवड्यात आले. नेमून दिलेले काम पुरे केले नाही, या आरोपावरून त्यांच्यातल्या काहींना फटके मारले गेले. त्या वेळी तिथेच कैदेत असलेल्या गांधीजींनी आपल्या तुरुंगातल्या अनुभवांत हे लिहून ठेवले आहे. सेनापती बापटांचे नाव आपण घेतो. फटके खाणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

हा प्रश्न मला सुटत नाही, कारण आमच्या भागाने पाणी फार पाहिले आहे. १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाले, पुढे पानशेत, वरसगाव झाले. भोरच्या शाखेत असताना धरणग्रस्तांचे कर्जाचे अर्ज माझ्यापुढे येत. गावाच्या रकान्यात माणूस दोन नावे लिही. एक राहत्या गावाचे, दुसरे पाण्याखाली गेलेल्या गावाचे. दुसरे नाव बँकेला नको असे. त्याला मात्र ते लिहिल्याशिवाय चैन पडत नसे.

कुणी म्हणेल, येरवडा आजही चालता तुरुंग आहे, तिथे जत्रा कशाला? मान्य. आज आत असलेले कैदी हे काही प्रेक्षणीय वस्तू नव्हेत. म्हणूनच माझे मागणे लहान आहे. जुन्या नोंदवह्यांत मुळशीच्या सत्याग्रहींची जी नावे सापडतील, ती गावांसह एका फलकावर लिहा आणि तो फलक दर्शनी भागात लावा. थोरांच्या कोठड्यांना नमस्कार करावाच. पण ज्याची जमीनही गेली आणि नावही गेले, त्याचे निदान नाव तरी परत द्यावे. त्याला फार खर्च येत नाही.