डोंगर, पाऊस आणि रंगपेटी

चित्रकला म्हणजे पैसेवाल्यांच्या मुलांचा छंद, ही समजूत आपल्या वस्त्यांतून अजून गेलेली नाही. पोराने गणितात चांगले मार्क आणले की घरात पेढे, एलिमेंटरीला 'अ' श्रेणी आणली तर, "बरं, आता अभ्यासाला बस!" म्हणून यंदा श्रावणातल्या एका रविवारी अभ्यासिकेतील नऊ मुलांना घेऊन आम्ही भाज्याच्या डोंगरावर गेलो.

पिंपरीहून लोणावळा लोकलने मळवली, पुढे पायी. स्टेशनवर लख्ख ऊन होते. भाजे गावात शिरताना सर आली आणि पायऱ्या चढेपर्यंत थांबलीही. समुद्रावरचा वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, गार होतो आणि बरसतो, हे मुलांनी भूगोलात पाठ केलेले. इथे ते अंगावर घेतले.

लेणी बावीस, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाच्या छताला त्या काळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. पावसाळ्यात भिक्खू एका जागी वर्षावास करीत. आम्हीही एका लेण्याच्या ओसरीत बसकण मारली आणि मुलांनी पॅड काढले.

पण काढायचे काय? समोरचा डोंगर दर पाच मिनिटांनी गायब! इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८२१-२२ साली नुसत्या ढगांची चित्रे काढली आणि अनेक चित्रांमागे तारीख, वेळ, वारा कुठला, हे लिहून ठेवले. मुलांना तेच सांगितले. पूर्ण चित्राचा हट्ट नको. दहा मिनिटांत जे दिसेल ते उतरवा आणि मागे वेळ लिहा. लांबचा डोंगर निळसर, फिका, जवळचा गर्द. मधल्या दमट हवेचा हा खेळ. उजेडाला पांढरा रंग लावायचा नाही, कागदच कोरा सोडायचा.

आमच्याबरोबर एक गृहस्थ होते, इमारतींचे रंगकाम करणारे. मुलगी दहावीत, तिला चित्रकलेला जायचे आहे. हे आले होते ते केवळ सोबत म्हणून, आणि जरा नाराजीनेच. मुलीने ढगासाठी काळा रंग घेतला तसे ते पुढे सरकले. "काळा नको गं, मेल्यासारखा दिसतो. निळ्यात विटकरी टाक थोडा." तिने टाकला, आणि कागदावर हुबेहूब पावसाळी राखाडी उतरला! पोरीने बापाकडे असे पाहिले की विचारू नका. मग नऊही पोरे त्यांच्याभोवती. ज्या हाताला आपण 'मजुरी' म्हणतो, त्या हाताला रंगाची केवढी जाण!

तीनच्या सुमारास धुके दाटले. पायऱ्या निसरड्या, तेव्हा लोहगडाचा बेत सोडून खाली उतरलो.

परतीच्या लोकलमध्ये त्यांनी हळूच विचारले, "साहेब, त्या कॉलेजला खर्च किती?" मी म्हटले, बारावीनंतर बीएफएसाठी राज्याची सीईटी असते. मुंबईचे १८५७ साली सुरू झालेले जे. जे. आहे. आपल्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. "बघू. आधी दहावी होऊ दे," म्हणाले. मुलीचे चित्र मात्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत धरले होते.

पुढची फेरी कार्ल्याला. येणाऱ्यांनी पॅड, पाण्याची बाटली आणि जुना रुमाल आणावा. रंग अभ्यासिकेचे आहेत. आई-वडिलांनीही यावे.