गिळले, पण पचले नाही

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सिसिली बेटावरील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या अळीत काटा टोचला आणि त्याभोवती पेशींचा घेराव पडताना पाहिला. परक्याला गिळणाऱ्या या भक्षक पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी, हे त्यांनी ओळखले. १९०८ मध्ये त्यांना नोबेल पुरस्काराचा मान लाभला.

क्षयाचा जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरला की हेच पहारेकरी त्याला गिळतात. एरवी गिळलेल्या जंतूची कोठडी पेशीतील पाचक रसांच्या पिशवीशी जोडली जाते आणि जंतू नष्ट होतो. क्षयाचा जंतू मात्र हा जोड होऊ देत नाही. लंडनमधील आर्मस्ट्राँग व डार्सी हार्ट यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. चोर पहारेकऱ्याच्याच घरी वस्तीला राहतो, असा हा प्रकार!

मग अन्य पेशी धावून येतात आणि भोवती गाठ तयार होते. ही गाठ म्हणजे शरीराची तटबंदी, असाच समज दीर्घकाळ होता. बडोद्यात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या डॉ. ललिता रामकृष्णन यांनी अमेरिकेत पारदर्शक झेब्रा माशांच्या पिलांवर, क्षयजंतूच्या जवळच्या भाऊबंदाचा उपयोग करून, प्रयोग केले. मदतीस आलेल्या नव्या पेशी मरणाऱ्या पेशींना गिळतात आणि जंतूंना नवी घरे मिळतात, असे २००९ मध्ये त्यांच्या संशोधनातून दिसले. आरंभी तरी ही तटबंदी शत्रूच्याही कामी येते.

तरीही जंतू शरीरात असलेल्या बहुसंख्य व्यक्ती आजारी पडत नाहीत. कुपोषण, मधुमेह वा एचआयव्ही यांनी पहारा दुबळा केला, की धोका वाढतो.

या ज्ञानाचा घरातील उपयोग कोणता? औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला उणावतो, भूक लागते आणि ‘आता गोळ्या कशाला?’ असा प्रश्न निघतो. परंतु पेशींत व गाठींत दडलेले मंद जंतू सहज मरत नाहीत. म्हणूनच नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडला, तर रोग उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचे भय असते. खोकला थांबणे म्हणजे चोर गप्प बसणे. घर रिकामे होणे नव्हे. शेवटची गोळी घेतली जाईपर्यंत रुग्णाची सोबत करणे, हे कुटुंबाचे काम आहे.