पत्ता पूर्ण लिहा!

"माझ्या पीसीवर तर चालतंय!" हे वाक्य सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या प्रत्येक रूममधून ऐकू येतं. मी कॉन्व्हेंटवाली, माझं मराठी सांभाळून घ्या, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

होतं काय, की प्रोजेक्टच्या डेटाचा रोज रात्री बॅकअप घेणारी स्क्रिप्ट पोरं लिहितात. हाताने चालवली की झकास चालते. मग ती क्रॉनला लावून निर्धास्त झोपतात. महिन्याने हार्ड डिस्क उडाली की कळतं, बॅकअप एकही नाही! मग शिव्या क्रॉनला.

त्या बिचाऱ्याचा काय दोष? स्क्रिप्टमध्ये फाईलचं नुसतं नाव असतं. म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे' असा पत्ता. गावातल्याला पुरतो, परगावच्या पाहुण्याने कुठला मारुती शोधायचा? तुम्ही प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभे असता, क्रॉन तुमच्या होम डिरेक्टरीत. शिवाय तुमची बॅशआरसी तो वाचत नाही. त्याचा पाथ इतका तोकडा असतो, की दुसरीकडे बसवलेलं पायथनही त्याला सापडत नाही.

विंडोजवाल्यांनी हसू नये. टास्क शेड्युलरमधला 'स्टार्ट इन' रकाना रिकामा सोडलात, तर स्क्रिप्ट तुमची फाईल सिस्टिम-३२ मध्ये शोधत बसते! त्या रकान्यात पत्ता अवतरणचिन्हांत टाकला तरी बोंब. लॅब सर्व्हरचा झेड ड्राइव्ह तर तुमच्या लॉगिनपुरताच असतो. लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला तो दिसतच नाही, तिथे सर्व्हरच्या नावापासून पत्ता लिहावा लागतो.

उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक फाईलचा आणि प्रोग्रॅमचा पत्ता मुळापासून लिहा, नाहीतर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सीडी करून योग्य फोल्डरमध्ये जा. आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉगफाईलमध्ये वळवा (तिचाही पत्ता पूर्ण!). नाहीतर रात्री दोन वाजता काय बिघडलं ते सांगणार कोण?

पण हे आपल्याला शिकवतं कोण? प्रॅक्टिकलला सरांसमोर एकदा एंटर मारलं, आउटपुट दिसलं, की सही. माझं स्पष्ट मत आहे, की अशा स्क्रिप्टला ही सही देऊच नये. क्रॉनमध्ये पाच मिनिटांनंतरची वेळ लावायला सांगा, विद्यार्थ्याला लॉगआउट करायला लावा, आणि मग लॉग उघडा. एका बॅचला वीस पोरं, वेळ कुठून आणायचा, असं सर म्हणतील. पण सर, सगळ्यांनी एकच वेळ लावली, तर पाच मिनिटांत विसांचाही निकाल लागतो!