थर्मोस्टॅटची साक्ष किती मानावी?

ज्या मोजमापावर आपण विसंबून राहतों, तें मोजमाप कोठें व कशासाठीं घेतलें, हें विचारण्याची संवय फार थोड्यांस असते. भिंतीवर आंकडा दिसला कीं तो सर्व घराचा, असें आपण धरून चालतों. अमेरिका, कॅनडा वगैरे थंड देशांतील पुष्कळ घरांत हल्लीं 'स्मार्ट थर्मोस्टॅट' नांवाचें यंत्र असतें, त्यासंबंधानें हाच प्रश्न उत्पन्न होतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे आप्त त्या देशांत संसार थाटून आहेत. शिवाय विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस हा विषय उद्बोधक आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे उष्णतामापक व विजेची कळ यांची जोडी. हवा ठरलेल्या अंशाखालीं उतरली कीं तो भट्टी पेटवितो, वर चढली कीं विझवितो. स्मार्ट थर्मोस्टॅट याखेरीज आपला आंकडा दूरवर कळवूं शकतो. त्यामुळें 'होम असिस्टंट'सारखी गृहव्यवस्था चालविणारी संगणक-योजना तोच आंकडा घेऊन पंखा फिरविते, खिडकीचे पडदे पाडते किंवा घरधन्यास सूचना धाडते. नवें उपकरण विकत न घेतां खोलीचें उष्णतामान हातीं येतें, हा यांतील मोठा लाभ.

या उपयोगांत विपरीत कांहींच नाहीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन संस्थानांत व्हाइटवॉटर येथील अध्यापन-विद्यालयांत वॉरन जॉन्सन नांवाचे प्राध्यापक होते. वर्ग थंड पडला आहे कीं तापला आहे हें पाहण्यास नोकर वारंवार वर्गांत येई व पाठाचा विरस होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं जें विद्युत्‌यंत्र योजिलें व ज्याचें पेटंट १८८३ सालीं मिळविलें, तें खोलीचें उष्णतामान बदललें कीं भट्टीजवळची घंटा वाजवी. झडप उघडण्याचें वा लावण्याचें काम माणूसच करी. म्हणजे खोलीतला थर्मोस्टॅट जन्मला तो वार्ताहर म्हणूनच. आज त्यास पुनः वार्ता विचारणें हें त्याच्या मूळ धर्मास धरूनच आहे.

परंतु जॉन्सन यांचें यंत्र ज्या वर्गाची वार्ता देई, त्याच वर्गांत तें बसविलेलें होतें. आजच्या घरांत बहुधा एकच थर्मोस्टॅट असतो, व तो मधल्या बोळांत, जेथें ऊन व वारा लागत नाहीं अशा आंतल्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारें पांच फुटांवर असतो. भट्टी चालविण्यास ती जागा योग्यच. पण त्या बोळांत निजतें कोण? दार लावलेल्या उत्तरेकडील खोलीची हवा त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. शिवाय त्याच्या अंगांतील विद्युत्साहित्यही किंचित् तापतें. ती उष्णता बनविणारे हिशेबानें वजा करतात. म्हणून तो आंकडा खोटा नसला, तरी तो बोळाचा आहे, हें विसरतां कामा नये.

कोणी म्हणेल, एकदोन अंशांनीं काय बिघडतें? पंखा फिरविण्यापुरतें कांहींच बिघडत नाहीं. परंतु जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेंत, थंडीच्या दिवसांत घरांतील हवा निदान १८ अंश सेल्सिअस असावी असें सुचविलें आहे. वृद्ध, बालकें व रोगी यांस तर याहून अधिक ऊब लागेल असेंही म्हटलें आहे. आतां समजा, तीन खोल्यांत अनुक्रमें २२, २० व १५ अंश आहेत. सरासरी १९ येते व कागदावर घर निर्धोक ठरतें. पण आजी १५ अंशांच्या खोलींत कुडकुडत आहे. सरासरीनें कोणाचें पांघरूण होत नाहीं! टोरोंटोच्या इकोबी कंपनीनें २०१४ सालीं थर्मोस्टॅटबरोबर खोल्याखोल्यांत ठेवण्याचे निराळे सेन्सर दिले, ते याच उणिवेमुळें.

दुसरी गोष्ट स्वामित्वाची. अशा बऱ्याच यंत्रांचा आंकडा प्रथम कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जातो व तेथून घरधन्याकडे परत येतो. नेस्टचा पहिला थर्मोस्टॅट २०११ सालीं निघाला. त्याच्या पहिल्या दोन पिढ्यांचा आधार गूगल कंपनीनें २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. भिंतीवर ती यंत्रें भट्टी पूर्ववत् चालवूं शकतात. पण बाहेर वार्ता देणारी त्यांची जीभ गेली. ज्यानें घराची सर्व व्यवस्था त्या एका जिभेवर टांगली असेल, त्याची काय गत?

तात्पर्य, आमचें मत असें आहे. थर्मोस्टॅटची साक्ष अवश्य घ्यावी. भट्टी बंद पडून पाण्याचे नळ गोठण्याचा धोका आहे कीं काय, हें सांगण्यास ती बहुधा पुरी पडते. पण जेथें बालक, वृद्ध किंवा रोगी निजतो, तेथें उशाशेजारीं स्वतंत्र लहान सेन्सर ठेवावा, व त्याचा आंकडा घरांतल्या घरांतच वाचतां येईल अशी योजना करावी. प्रयोगशाळेंत उष्णतामापक कोठें बुडविला हें टिपल्याशिवाय आंकडा लिहूं नये, असें आपणांस शिकवितात. तोच नियम घरासही लागू आहे. ज्याची ऊब राखावयाची, त्याच्याजवळच माप घ्यावें.