डिस्क बदला, पण आधी रिपोर्ट जपा

ओपीडीत हल्ली एक वाक्य वरचेवर कानांवर पडते : "डॉक्टरांनू, जुने रिपोर्ट कंप्युटरात आसत, पण तो चालूच होना नाय." समोर मधुमेहाची वृद्ध आई बसलेली असते. तीन वर्षांपूर्वी तिचे क्रिएटिनिन किती होते हे कळले, तर आजचा बिघाड नवा की जुना, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून आरोग्याच्या सदरात आज घरच्या संगणकाविषयी.

आठ-दहा वर्षांचा संगणक रखडू लागला की आपण नवा घ्यायला निघतो. पुष्कळदा खोळंबा हार्ड डिस्कचा असतो. तिच्यात मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणारी तबकडी आणि माहिती शोधत सरकणारा दांडा असतो. एका शोधाला साधारण १० मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना असे हजारो शोध होतात. सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडीत, हलणारा भागच नाही. १९८०च्या दशकात तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधलेल्या फ्लॅश चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि शेकडो पटींनी लवकर सापडते. माझ्या घरचा जुना संगणक पाच मिनिटे घ्यायचा. डिस्क बदलल्यावर अर्ध्या मिनिटात उघडतो. खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ, शिवाय ई-कचरा कमी.

तरीही एसएसडी म्हणजे तिजोरी नव्हे. हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा टकटक आवाज करते. एसएसडी पुष्कळदा काहीही लक्षण न दाखवता बंद पडते आणि पुसलेली माहिती तिच्यातून परत मिळणे फार अवघड. दीर्घकाळ विजेविना पडून राहिली, तर साठलेला भार हळूहळू गळतो. उष्णतेत अधिक लवकर. म्हणजे जुने रिपोर्ट भरून वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची ही वस्तू नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी रिपोर्ट आणि फोटो दुसरीकडे उतरवा. कॉपी झालेल्या फाइल उघडून पाहा. जुनी डिस्क दुकानातच टाकून येऊ नका. बाहेरचे कव्हर घालून ती जादा प्रत म्हणून वापरता येते. मात्र दोन्ही प्रती एकाच घरात नकोत. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने आपल्या किनाऱ्यावर छपरे उडवली, वीज घालवली. अशा वेळी कपाटातली प्रत संगणकाबरोबरच भिजते. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतातच. परतताना एक प्रत त्यांच्याकडे द्या.

आणि महत्त्वाच्या रिपोर्टांची कागदी फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तपासणीला येताना बरोबर आणा. तिला वीज लागत नाही.