पाठ घरी, गृहपाठ वर्गात

शिक्षकाने वर्गात समजावून द्यायचे आणि उदाहरणे विद्यार्थ्याने घरी एकट्याने सोडवायची, ही रूढ रीत. म्हणजे नेमके जिथे अडते तिथे गुरुजी नाहीत. आहे ती दमून आलेली आई, नाहीतर खासगी शिकवणी! अमेरिकेत कोलोराडो राज्यातील वूडलँड पार्क येथे जोनाथन बर्गमन व अ‍ॅरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ मध्ये गैरहजर विद्यार्थ्यांसाठी पाठांचे चित्रण सुरू केले आणि पुढे क्रमच उलटवला. पाठ घरी पाहायचा, उदाहरणे वर्गात सोडवायची. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. गृहपाठाची रीत मात्र जुनीच राहिली. अर्थात, घरातला एकुलता मोबाईल वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर त्या मुलाला पाठ शाळेतच दाखवण्याची व्यवस्था आधी हवी.