हृदयाची झडप जन्मतः वेगळी असेल, तर भरतीचे धावणे आणि कुस्ती करता येते का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पहाटे भरतीसाठी धावणारी मुले-मुली रोज दिसतात. कुणी तालमीत, कुणी कबड्डीच्या संघात असते. अशा मुलाच्या रिपोर्टवर ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ असे आले की घरचे एकतर खेळ बंद करतात, नाहीतर अपात्र ठरेल या भीतीने गोष्ट लपवतात. दोन्ही निर्णय घाईचे आहेत.

हा दोष काय आहे?

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणाऱ्या झडपेला तीन पाकळ्या असतात. काहींना जन्मतः दोनच असतात. साधारण शंभरात एक-दोन जणांमध्ये हे आढळते. अनेकांना वर्षानुवर्षे त्रास होत नाही. काहींची झडप पुढे अरुंद होते किंवा गळते, तर काहींची महाधमनी फुगते.

खेळाचा निर्णय कशावर ठरतो?

दोषाच्या नावावर नाही, इकोतील मापांवर. झडप नीट चालत असेल आणि महाधमनी ४० मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर सहसा सर्व खेळ खेळता येतात. ४० ते ४५ च्या दरम्यान कुस्ती, वेटलिफ्टिंग असे श्वास रोखून जोर लावण्याचे खेळ टाळायला सांगितले जाते, कारण त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. त्याहून जास्त फुगवटा किंवा झडप खूप अरुंद असेल, तर स्पर्धा थांबवावी लागते. कृत्रिम झडप बसवून रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर कबड्डी, कुस्ती नको. मार लागल्यास रक्तस्राव होतो.

आता काय बदलले आहे?

पूर्वी सरसकट मनाईकडे कल असे. २०२५ मध्ये अमेरिकन हृदयरोग संघटनांनी नवी भूमिका मांडली: धोका समजावून सांगून खेळाडू, कुटुंब आणि डॉक्टरांनी मिळून निर्णय घ्यावा. १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघाचा कर्णधार यश धुल याच्या हृदयाला जन्मजात छिद्र असल्याचे तपासणीत कळले. २०२४ मध्ये शस्त्रक्रिया करून तो मैदानावर परतला. त्याचा दोष झडपेचा नव्हता, पण वेळेत तपासणी झाल्याने खेळाची वाट खुली राहिली.

मग लपवणे धोक्याचे का?

२०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यांना झडपेचाच दोष होता असे नाही, पण ऊन आणि जिवावर उदार होऊन धावणे शरीराला किती महाग पडते हे तेव्हा दिसले. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, तर राज्य राखीव दलासाठी ५ किलोमीटर धावावे लागते. त्यात झडप अरुंद असेल, तर धोका आणखी वाढतो.

तुम्ही काय कराल?

• सराव वाढवण्याआधी इको करून घ्या. तालुक्याला सोय नसेल, तर पुण्याच्या ससून रुग्णालयात चौकशी करा.
• डॉक्टरांना खेळाचे नाव सांगा. ‘थोडे पळतो’ एवढे पुरेसे नाही.
• वाढत्या वयात मापे बदलतात. सांगितलेल्या तारखेला पुन्हा तपासा.
• आई-वडील व सख्ख्या भावंडांचाही इको करा. हा दोष घराण्यात आढळू शकतो.
• शाळा-अंगणवाडीतील मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत तपासणी होते. ती चुकवू नका.

धावताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा शुद्ध हरपली, तर सराव त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली असेल तर लगेच १०८ ला फोन करा. भरती पुन्हा निघते.